अस्थि-आधारक, सच्छिद्र खनिज

अपघात, जंतुसंसर्ग, अर्बुद (गाठ) किंवा जन्मजात व्यंग यांमुळे हाडात पडलेली मोठी पोकळी भरून काढण्यासाठी तीत बसविण्यात येणाऱ्या, एकमेकांस जोडलेल्या सूक्ष्म छिद्रांचे जाळे असलेल्या कृत्रिम खनिज घडणीस सच्छिद्र अस्थि-आधारक असे म्हणतात. इमारतीचे काम चालू असताना गवंड्यांसाठी जशी परांची बांधतात, तसा हा आधारक नवे हाड घडविणाऱ्या कोशिकांना (पेशींना) व त्यांना पोसणाऱ्या रक्तवाहिन्यांना आधार आणि वाट देतो. बांधकाम संपल्यावर परांची उतरवितात. त्याचप्रमाणे हाड तयार होत जाईल तसा आधारकही हळूहळू विरघळून जावा, अशी अपेक्षा असते. हाडातील खनिजाशी मिळतेजुळते पदार्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत झाले होते. तथापि त्या पदार्थात ठेवावयाच्या रिकाम्या जागेचे महत्त्व कळण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

हाडाला स्वतःस सांधण्याची मोठी शक्ती असते. साधा अस्थिभंग योग्य रीतीने बसविल्यास व्रण न राहता भरून येतो. परंतु दोन टोकांमधील अंतर फार वाढले, तर त्या जागी हाडाऐवजी तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) वाढते आणि अवयव निकामी होतो. अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून तुकडा काढून तो तुटीच्या जागी बसविणे हा उपाय दीर्घकाळ रूढ असून आजही तो प्रमाणभूत मानला जातो. मात्र त्यासाठी रुग्णाला दुसरी जखम सोसावी लागते, त्या जागी पुढे वेदना राहू शकतात आणि मिळणारे हाड मर्यादित असते. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. दुसऱ्या व्यक्तीचे हाड वापरल्यास रोगसंक्रमणाचा धोका पूर्णपणे टाळता येत नाही. कृत्रिम आधारकाच्या शोधामागील प्रेरणा ही आहे.

नैसर्गिक हाडाची रचना : हाडाच्या वजनाचा सु. दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असून उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन हे तंतुरूप प्रथिन व पाणी असते. खनिज हे कॅल्शियम फॉस्फेटाचे हायड्रॉक्सिॲपेटाइटसदृश रूप असून त्यात काही टक्के कार्बोनेट मिसळलेले असते. त्याचे स्फटिक अत्यंत सूक्ष्म व पातळ पापुद्र्यांसारखे असून ते कोलॅजेन तंतूंच्या आत आणि भोवती रचलेले असतात. खनिजामुळे कठीणपणा व तंतूंमुळे चिवटपणा येतो. बाहेरील घट्ट हाडात छिद्रांचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते. आतील जाळीदार हाडात ते ५० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. घट्ट हाडातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या नलिकांचे वर्णन इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्झ यांनी १६९१ मध्ये केले व त्या नलिकांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. रक्तकेशिकेपासून सु. ०·१ ते ०·२ मिमी.हून अधिक दूर असलेली कोशिका सामान्यतः जगू शकत नाही. त्यामुळे हाडातील पोकळ जागा ही वजन वाचविण्याची केवळ युक्ती नसून हाडाच्या जिवंतपणाची अट आहे. [→ अस्थि].

अस्थिरोपणाचे आरंभीचे प्रयत्न : डच शस्त्रक्रियाविशारद योब व्हान मेकेरन यांच्या १६६८ च्या ग्रंथात, एका रशियन माणसाच्या कवटीतील छिद्र कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजविल्याची हकीकत आढळते. हा उपाय धर्मसंस्थेस मान्य न झाल्याचेही त्यात नमूद आहे. मानवी हाडाच्या रोपणाचे वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे उदाहरण ग्लासगो येथील विल्यम मॅकईवन यांचे होय. जंतुसंसर्गाने नष्ट झालेल्या एका मुलाच्या दंडाच्या हाडाची त्यांनी १८८० च्या सुमारास इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे वापरून पुनर्रचना केली.

रोपण केलेला तुकडा जिवंत राहून वाढतो, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. जर्मन शस्त्रक्रियाविशारद आर्थर बार्ट यांनी १८९० नंतरच्या दशकात केलेल्या सूक्ष्मदर्शकीय पाहणीत तिला धक्का बसला. रोपिलेले हाड बहुतांशी मरते. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या व कोशिका त्यात शिरतात, जुने हाड खातात आणि त्याच्या जागी नवे रचतात, असे त्यांना दिसले. अमेरिकेतील डॅलस फेमिस्टर यांनी १९१४ मध्ये या क्रियेचे वर्णन ‘सरपटत होणारे प्रतिस्थापन’ या अर्थाच्या शब्दांत केले. रोपिलेला तुकडा जर बराचसा मृत आधारक म्हणूनच उपयोगी पडत असेल, तर तो हाडाचाच असला पाहिजे काय, हा प्रश्न या निरीक्षणात गर्भित होता.

इसवी सन १८९२ : या एकाच वर्षी जर्मनीत दोन स्वतंत्र घटना घडल्या. बर्लिन येथील ज्यूलिअस व्होल्फ यांनी हाडांच्या रूपांतराच्या नियमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी सु. २५ वर्षे झुरिक येथील शरीररचनाविज्ञ हेरमान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद दाखविला असता, त्यातील जाळीच्या रेषा यारीतील ताण व दाब यांच्या रेषांशी जुळतात, असे अभियंता कार्ल कुलमान यांच्या लक्षात आले होते. हाडावर पडणारा भार बदलला की त्याची अंतर्रचनाही बदलते, असे व्होल्फ यांनी प्रतिपादन केले. हाडाचा आकार व त्यातील पोकळी यांना अर्थ आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

त्याच वर्षी बॉन येथील ड्रेसमान यांनी क्षयरोगाने व जंतुसंसर्गाने हाडात पडलेल्या पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दाताची किड कोरून खड्डा बुजवावा तसा हा प्रकार होता. काही रुग्णांत पोकळी हाडाने भरून आली. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट शरीरात निरुपद्रवी असते. मात्र ते काही आठवड्यांतच विरघळते व पुष्कळदा नवे हाड तेथवर पोहोचण्यापूर्वीच संपते. शिवाय ते भरीव गोळ्याच्या रूपात घातले जात असल्याने कोशिकांना आत शिरण्यास वाट नसे. त्यांना पृष्ठभाग झिजण्याची वाट पहावी लागे. व्होल्फ यांची वास्तुविचाराची दृष्टी आणि ड्रेसमान यांचा खनिज भरण्याचा उपाय यांची सांगड पडण्यास पुढे सु. ७५ वर्षे लागली.

रसायनाचा शोध : मधल्या काळात लक्ष प्रामुख्याने पदार्थाच्या रासायनिक संघटनावर केंद्रित झाले. अमेरिकेतील फ्रेड ॲल्बी यांनी १९२० मध्ये सशांच्या हाडांतील तुटीत कॅल्शियम फॉस्फेट घालून ती अधिक लवकर सांधत असल्याचे नोंदविले. सहा वर्षांनंतर नेदर्लंड्समधील डे याँग यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या (स्फटिकातील अणूंच्या थरांवरून किरण विखुरल्याने मिळणाऱ्या आकृत्यांच्या) साहाय्याने हाडाचे खनिज हे निसर्गात आढळणाऱ्या ॲपेटाइट खनिजासारखे असल्याचे दाखविले. अशा रीतीने १९२६ पर्यंत कोणता पदार्थ घ्यावयाचा, याचे उत्तर बव्हंशी मिळाले होते. परंतु चूर्ण जखमेतून वाहून जाई आणि भरीव तुकडा शरीरात परका राही. पदार्थ कोणत्या रूपात द्यावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

छिद्राचे महत्त्व : अमेरिकेत १९६३ मध्ये स्मिथ यांनी ‘सेरोशियम’ नावाचा पदार्थ पुढे आणला. ॲल्युमिनायुक्त मृत्तिका द्रव्य भाजून त्यात सु. ४८ टक्के छिद्रता ठेवली होती. तथापि बळकटी येण्यासाठी ती छिद्रे इपॉक्सी रेझिनाने भरलेली असत. यांत्रिक गुणांत हा पदार्थ हाडाच्या बराच जवळ आला, पण हाडाला आत शिरण्यास त्यात जागाच नव्हती. छिद्रांकडे दुर्बलतेचे कारण म्हणून पाहण्याची अभियांत्रिकी दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

याच्या उलट दिशेने विचार साउथ कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठात झाला. तेथील हलबर्ट, क्लाविटर व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या आकारमानांची छिद्रे असलेले कॅल्शियम ॲल्युमिनेटाचे तुकडे प्राण्यांच्या हाडांत बसविले. त्यांचे निष्कर्ष १९७०–७१ मध्ये प्रसिद्ध झाले. छिद्रांना जोडणारे मार्ग ५ ते १५ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) इतके अरुंद असतील, तर आत केवळ तंतुमय ऊतक शिरते, ४० ते १०० मायक्रॉन असतील, तर खनिज न साचलेले कोवळे हाड तयार होते आणि १०० मायक्रॉनहून रुंद असतील, तर पक्के हाड वाढते, असे त्यांना आढळले. यात छिद्राच्या व्यासाइतकेच त्यांच्यामधील दारांना महत्त्व आहे. खोल्या प्रशस्त असूनही दारे बंद असतील, तर रक्तवाहिनी पुढे जाऊ शकत नाही. छिद्रे सु. ३०० मायक्रॉन वा त्याहून मोठी असणे रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने अधिक चांगले, असे पुढील संशोधनावरून दिसून आले; परंतु १०० मायक्रॉनची ती मर्यादा या शाखेत मूलभूत मानली जाते.

याच सुमारास, १९६९ मध्ये, फ्लॉरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी सिलिका, सोडा, चुना व फॉस्फेट यांची अशी काच तयार केली की, जिच्या पृष्ठभागावर शरीरातील द्रवात ॲपेटाइटाचा थर जमतो आणि हाड तिला थेट चिकटते. परके द्रव्य शरीराने केवळ सहन करावे, ही जुनी अपेक्षा सोडून त्याने शरीराशी बंध जोडावा, ही नवी अपेक्षा येथून रूढ झाली.

प्रवाळापासून हाड : योग्य आकारमानाची व सर्वत्र जोडलेली छिद्रे कृत्रिम रीतीने पाडणे त्या काळी अवघड होते. तेव्हा अशी रचना निसर्गात तयार आढळते काय, याचा शोध घेण्यात आला. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित वेबर व व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी समुद्रातील दगडी प्रवाळांच्या सांगाड्यांकडे लक्ष वेधले. पोरायटीझ या वंशाच्या प्रवाळात छिद्रे सु. २०० मायक्रॉन व गोनिओपोरा या वंशात सु. ५०० मायक्रॉन व्यासाची असून ती सर्व एकमेकांस जोडलेली असतात. त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रवाळाच्या छिद्रांत मेण भरून, अम्लाने मूळ सांगाडा विरघळवून, उरलेल्या साच्यात मृत्तिका द्रव्य, धातू वा बहुवारिक (प्लॅस्टिकसारखा पदार्थ) भरीत आणि अखेरीस मेण काढून टाकीत. भारतीय मूर्तिकारांना प्राचीन काळापासून परिचित असलेल्या मधूच्छिष्टविधानाशी (मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतण्याच्या पद्धतीशी) या कल्पनेचे साम्य आहे.

दोन वर्षांनंतर त्याच विद्यापीठातील डेला रॉय व लिनेहान यांनी साचा टाळणारी अधिक सरळ प्रक्रिया प्रसिद्ध केली. प्रवाळाचा सांगाडा हा कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. तो अमोनियम फॉस्फेटाच्या विद्रावात बंद पात्रात उच्च दाबाखाली २००° से.हून अधिक तापमानास ठेवला असता कार्बोनेटाची जागा फॉस्फेट घेते व हायड्रॉक्सिॲपेटाइट बनते. या बदलात छिद्रांची मूळ घडण जशीच्या तशी टिकते. पदार्थ हाडाचा आणि आकार प्रवाळाचा, असा हा संयोग होता. प्राण्यांवरील प्रयोगांत या तुकड्यांच्या अंतर्भागापर्यंत रक्तवाहिन्या व नवे हाड पोहोचल्याचे दिसून आले. पुढे जबड्याच्या व हातापायांच्या हाडांच्या शस्त्रक्रियांत त्यांचा वापर सुरू झाला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये अशा प्रवाळजन्य द्रव्यास अस्थिशस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली.

या द्रव्याच्या मर्यादाही लवकरच कळून आल्या. हायड्रॉक्सिॲपेटाइट शरीरात फारच सावकाश विरघळत असल्याने परांची वर्षानुवर्षे तशीच राहते. तुकडा ठिसूळ असल्याने भार सोसणाऱ्या हाडात त्याला धातूच्या पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. छिद्रांचा आकार प्रवाळाने ठरविलेला, म्हणून तो हवा तसा बदलता येत नाही. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रणे असून भारतातही प्रवाळांना वन्य जीव संरक्षणाच्या कायद्याखाली संरक्षण आहे. त्यामुळे छिद्रे कृत्रिम रीतीने घडविण्याच्या पद्धतींना महत्त्व आले.

छिद्रे घडविण्याच्या पद्धती : (१) स्पंज पद्धती : पॉलियुरेथेन स्पंज खनिजाच्या दाट राबडीत बुडवून, पिळून व वाळवून १,२००° से.च्या आसपास भाजतात. स्पंज जळून जातो व त्याच्या जाळीची खनिज प्रतिकृती मागे राहते. या पद्धतीचे अमेरिकेतील एकस्व (पेटंट) १९६३ चे आहे. जळालेल्या स्पंजाच्या जागी पोकळी राहून जाळीच्या काड्या आतून पोकळ होतात व सहज मोडतात, हा तिचा मुख्य दोष होय. (२) ज्वलनशील कण मिसळणे : खनिजाच्या चूर्णात मेणाचे वा बहुवारिकाचे गोळे मिसळून भाजल्यास गोळ्यांच्या जागी छिद्रे पडतात. गोळे एकमेकांस टेकलेले नसल्यास छिद्रे अलग राहतात. (३) गोठण पद्धती : खनिज मिसळलेले पाणी एका बाजूने गोठविले असता बर्फाचे पातळ थर वाढताना खनिजाचे कण आपल्यामध्ये ढकलतात. नंतर बर्फाचे निर्वातात संप्लवन करून (द्रव न होऊ देता थेट वाफ करून) उरलेला भाग भाजतात. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत डेव्हील, टॉमसिया व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये या पद्धतीने थरयुक्त हायड्रॉक्सिॲपेटाइट तयार केले. (४) लाकडाचे रूपांतर : इटलीतील फाएन्झा हे मातीच्या झिलईदार भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेले गाव. तेथील संशोधन संस्थेत वेताचा कोळसा करून त्याचे क्रमाक्रमाने कॅल्शियम कार्बाइड, ऑक्साइड, कार्बोनेट आणि शेवटी हायड्रॉक्सिॲपेटाइट यांत रूपांतर करण्यात आले. वेताच्या उभ्या नलिका त्यात टिकून राहतात. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. (५) त्रिमितीय मुद्रण : संगणकाच्या नियंत्रणाखाली खनिजाच्या लगद्याची बारीक तार थरावर थर रचून जाळी उभारतात. रुग्णाच्या क्ष-किरण छेदचित्रणावरून नेमक्या तुटीच्या मापाचा तुकडा या पद्धतीने करता येतो.

बल व छिद्रता यांतील विरोध : मृत्तिका द्रव्यात छिद्रे वाढली की त्याचे बल त्या प्रमाणात न घटता फार झपाट्याने घटते. पन्नासच्या दशकातील मोजमापांवरून असे दिसते की, काही द्रव्यांत पहिल्या १० टक्के छिद्रतेनेच बल जवळजवळ निम्मे होते. घट्ट हाड १०० मेगॅपास्कलहून अधिक दाब सोसते. जाळीदार हाड साधारणतः २ ते १२ मेगॅपास्कल दाब सोसते. स्पंज पद्धतीचे आधारक जेमतेम जाळीदार हाडाच्या खालच्या मर्यादेस पोहोचतात. बर्कली येथील गोठण पद्धतीच्या नमुन्यांत ४७ टक्के छिद्रता असूनही सु. १४५ मेगॅपास्कल बल मिळाले. मात्र त्यांतील फटी अरुंद असल्याने हाडाच्या वाढीस लागणारी मोकळी वाट मिळविणे कठीण होते. निसर्गाने हा विरोध कोलॅजेनच्या साहाय्याने सोडविला आहे. हाडात पडलेली भेग तंतूंमुळे वळते, अडते आणि जिवंत कोशिका ती दुरुस्त करतात. भाजलेल्या खनिजात भेग सुरू झाली की ती आरपार जाते.

आकाराचा कोशिकांवरील परिणाम : जोहॅनिसबर्ग येथील यूगो रिपामोंती यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रवाळजन्य हायड्रॉक्सिॲपेटाइट बबून माकडांच्या स्नायूंत ठेवले होते. हाडाशी संबंध नसलेल्या त्या जागीही छिद्रांमध्ये हाड तयार झाले आणि पुढील अभ्यासांत त्याचा आरंभ विशेषतः अंतर्वक्र खळग्यांत होत असल्याचे दिसले. चीन व जपानमधील संशोधकांनाही त्याच सुमारास कुत्र्यांमध्ये असेच अनुभव आले. छिद्र हे जाण्यायेण्याचा मार्ग तर असतेच, शिवाय त्याची वक्रता कोशिकांच्या वर्तनावर परिणाम करते, हे यावरून कळले. लवकर विरघळणारे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट व सावकाश विरघळणारे हायड्रॉक्सिॲपेटाइट यांचे मिश्रण करून विरघळण्याचा वेग जुळविण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात फ्रान्स व अमेरिका येथे झाले आणि अशी मिश्र द्रव्ये आता सर्वत्र वापरात आहेत.

भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाळ आयुर्विज्ञान व तंत्रविज्ञान संस्थेत, तसेच कोलकाता येथील केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत हायड्रॉक्सिॲपेटाइट व जैवक्रियाशील काच यांपासून अस्थिद्रव्ये तयार करण्याचे कार्य झालेले आहे.

मूल्यमापन : लहान व भार न सोसणाऱ्या पोकळ्यांसाठी, विशेषतः दंतवैद्यकात व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांत, सच्छिद्र खनिज आधारक समाधानकारक ठरले आहेत. मांडीच्या वा नडगीच्या हाडातील लांब तुटीस मात्र केवळ खनिजाचा आधारक अद्याप पुरेसा होत नाही; तेथे रुग्णाचे स्वतःचे हाड, धातूचा आधार किंवा हाडाची वाढ घडविणारी प्रथिने यांची जोड द्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात पोकळी बुजविणे हे ध्येय होते. आज पोकळी अशा रीतीने भरावयाची असते की, भरलेल्या द्रव्यातच शरीराला काम करण्यासाठी पुरेशी पोकळी उरावी. आधारक किती काळ टिकला यावरून त्याच्या यशाचे मोजमाप करीत नाहीत. काही वर्षांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तो शोधूनही सापडू नये व त्याच्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड दिसावे, हीच त्याच्या यशाची खरी कसोटी होय.